मंडपवाल्या मामांच्या सीड्या: गाणी कॉम्प्युटरवर घ्यायला सॉफ्टवेअर कोणतं निवडावं?

गंगाखेडला आमच्या मामांचा मंडप आणि साऊंडचा धंदा आहे. तुळशीचं लग्न झालं, पहिल्या तिथी लागल्या आणि नेमका त्यांचा सीडी प्लेअर बसला. नवा ॲम्प्लिफायर आणला तर त्याला सीडीचं तोंडच नाही, नुसती पेन ड्राइव्हची खाच. मग त्यांच्याकडच्या पोरानं एक युक्ती केली. दुकानातल्या कॉम्प्युटरमध्ये सनईची सीडी घातली, विंडोजमध्ये उघडली, दिसल्या त्या चौदाच्या चौदा फाइली उचलल्या आणि पेन ड्राइव्हमध्ये टाकल्या. सेकंदाचं काम. दुसऱ्या दिवशी मांडवात पेन ड्राइव्ह लावला, तर पडद्यावर 'नो फाइल'. वऱ्हाड दारात आणि सनई गप्प. मला परभणीला फोन आला, "आरं, फाइली तर दिसायल्यात की! मग वाजंनात का?"

त्यानंतरचे तीन-चार रविवार मी मामांच्या दोन पोती सीड्या कॉम्प्युटरवर घेण्यात घालवले. त्यात जे कळलं ते नव्यानं हे काम करणाऱ्यांसाठी लिहितोय.

आधी पोराचं कुठं चुकलं ते

गाण्यांच्या सीडीवर फाइल नावाची वस्तूच नसते. विंडोजमध्ये 'ट्रॅक०१ डॉट सीडीए' असं जे दिसतं, ते विंडोजनं आपल्या सोयीसाठी लावलेलं लेबल असतं. एकेक लेबल ४४ बाइटचं, म्हणजे या लेखातल्या एका वाक्याएवढंही नाही. त्यात फक्त 'हे गाणं तबकडीवर इथून सुरू होतं' एवढं लिहिलेलं. पोरानं अनुक्रमणिका फाडून नेली, पुस्तक तिथंच राहिलं.

खरं गाणं तबकडीवर एका लांबलचक सर्पिल रेघेत असतं. फिलिप्स आणि सोनी या कंपन्यांनी १९८० साली याचा साचा ठरवला आणि १९८२ मध्ये सीड्या बाजारात आल्या. तो साचा आजही तोच आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन आवाज. मिनिटाला साधारण १० एमबी भरतात. एका सेकंदाचे ७५ खण पाडलेले असतात आणि एका खणात २३५२ बाइट.

सॉफ्टवेअर का नीट निवडायचं ते या खणात दडलंय. कागदपत्रांच्या सीडीत त्याच २३५२ बाइटांपैकी मजकूर फक्त २०४८ बाइट ठेवतात. उरलेली जागा खुणांसाठी आणि चूक सापडली तर दुरुस्त करण्यासाठी राखलेली असते. गाण्याच्या सीडीत ही जादा राखीव जागा नाही, सगळा खण आवाजानं भरलेला. थोडीफार दुरुस्ती खालच्या पातळीवर होते, पण चरा मोठा असला की ड्राइव्ह हात टेकतो आणि आजूबाजूचा आवाज पाहून मधला तुकडा अंदाजपंचे भरून देतो. ऐकताना ते चालतं, कारण गाणं थांबत नाही. कॉपी करताना मात्र तो अंदाज तुमच्या फाइलमध्ये कायमचा बसतो आणि कोणी तुम्हाला सांगतही नाही.

म्हणून सॉफ्टवेअर पाहताना दिसणं, रंग, बटणं सगळं बाजूला ठेवा. एकच विचारा: चुकलं तर हे तोंडानं सांगतं का?

सॉफ्टवेअरच्या आधी सीड्यांची निवड करा

ज्वारी निवडतो तशी. सगळ्या सीड्यांना सॉफ्टवेअर लागतच नाही. मामांच्या पोत्यात निम्म्याहून जास्त निघाल्या त्या 'एमपी३ सीडी'. 'एका सीडीत दीडशे गाणी' असं छापलेल्या, जत्रेत आणि बसस्टँडवर मिळायच्या त्या. त्या उघडल्या की खऱ्याखुऱ्या फाइली दिसतात, एकेक तीन-चार एमबीची. त्या सरळ कॉपी करा आणि पुढं व्हा. त्यांना महागड्या पद्धतीनं पुन्हा 'उत्तम दर्जा'त बदलत बसू नका. पाणी घातलेल्या दुधाची बासुंदी होत नाही.

दुसरा प्रकार व्हीसीडी. भारूड, गोंधळ, कीर्तन, लग्नाचं शूटिंग असं पुष्कळ काही आपल्याकडं व्हीसीडीत आलं. उघडल्यावर 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर आणि त्यात 'डॅट' शेपटीची मोठी फाइल दिसली तर ती व्हीसीडी समजा. ती फाइल कॉपी करून ठेवा, व्हीएलसी प्लेअरमध्ये चालते आणि त्यातूनच नुसता आवाजही वेगळा काढता येतो.

तिसरा प्रकार म्हणजे तो ४४ बाइटच्या, विंडोजमध्ये '१ केबी' दिसणाऱ्या लेबलांचा. हीच खरी गाण्यांची सीडी, आणि पुढचं सगळं हिच्यासाठी. यातही दोन गठ्ठे करा: कंपनीच्या छापील सीड्या एकीकडं, घरी किंवा स्टुडिओत 'राइट' करून घेतलेल्या दुसरीकडं. राइट केलेल्या सीडीत रंगाचा एक थर असतो आणि ऊन, उष्णता लागली की तो विटतो. मामांच्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोन उन्हाळे काढलेली एक तबकडी ड्राइव्हनं ओळखलीसुद्धा नाही. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर ठेवलेल्या राइट केलेल्या सीड्या असतील तर सुरुवात त्यांच्यापासूनच करा. छापील सीडी आणखी वर्षभर थांबेल.

ड्राइव्ह आणि पुसायचं फडकं

नव्या लॅपटॉपला सीडीची खाच नसते. यूएसबीवर चालणारा बाहेरचा डीव्हीडी रायटर घ्या. त्यात सीडीही चालते. तो लॅपटॉपच्या मागच्या-बाजूच्या पोर्टला थेट लावा, चार जणांनी वाटून घेतलेल्या स्वस्त हबला लावू नका. वीज कमी पडली की ड्राइव्ह मधेच टकटक करून थांबतो आणि आपण बिचाऱ्या सीडीला नावं ठेवतो. लाईटचा भरवसा नसेल तर डेस्कटॉपपेक्षा बॅटरीवाला लॅपटॉप बरा. अर्ध्यात लाईट गेली की अर्धवट गाणं फाइलीत राहतं आणि नाव मात्र पूर्ण दिसतं.

पुसताना मधल्या भोकापासून कडेकडं, सरळ रेषेत. गोल गोल फिरवून पुसू नका. गोल चरा रेघेच्या बरोबरीनं धावतो आणि सलग आवाज खातो. मऊ सुती कपडा, गरज पडली तर साध्या साबणाचा एक थेंब आणि पाणी. थिनर, पेट्रोल, टूथपेस्ट यांच्या वाटेला जाऊ नका. आणि एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते: चमकणाऱ्या बाजूपेक्षा छापील बाजूचा चरा घातक. सीडीत चांदीसारखा थर छपाईच्या अगदी खाली असतो. तिथं खरवडलं की गाणंच खरवडलं. सीडी ट्यूबलाइटकडं धरून पाहा, टाचणीएवढी भोकं चमकली तर तेवढा भाग गेलाच म्हणून समजा. मामांचा पोरगा सीड्यांवर बॉलपेननं 'हळद', 'वरात' असं लिहायचा. दोन सीड्यांवर त्या अक्षरांच्या जागीच आवाज तुटला.

आता सॉफ्टवेअर

विंडोज मीडिया प्लेअर बहुतेकांच्या कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असतो. सीडी घातली, 'रिप' दाबलं की गाणी उतरतात. सोपं आहे, नाकारत नाही. पण दोन गोष्टी सांभाळा. पहिली, जुना मीडिया प्लेअर आपण काही न बदलता वापरला तर डब्ल्यूएमए प्रकारची फाइल बनवतो, आणि मंडपातल्या ॲम्प्लिफायरच्या पॅनलवर किंवा गाडीच्या टेपवर ती चालेलच असं नाही. सेटिंगमध्ये 'रिप म्युझिक' या पानावर जाऊन एमपी३ किंवा फ्लॅक निवडा (दोन्हींतला फरक पुढं सांगतो). तिथंच 'कॉपी प्रोटेक्ट' अशी खूण दिसली तर ती काढा, नाहीतर गाणी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडणार नाहीत. दुसरी गोष्ट मोठी: तो काम झाल्यावर हिशेब देत नाही. सगळं व्यवस्थित उतरलं की तिसऱ्या गाण्यात अंदाजपंचे भरलं, दोन्ही वेळा चेहरा तोच.

ॲपलवाल्यांकडं आयट्यून्स किंवा म्युझिक ॲप असतं. त्यात सीडी वाचताना चूक-दुरुस्ती वापरण्याची खूण आहे, ती करून ठेवा. हिशेब मात्र तिथंही नाही. मॅक वापरणाऱ्यांनी त्यापेक्षा एक्सएलडी हे फुकट सॉफ्टवेअर घ्यावं, ते कुठं नीट वाचलं, कुठं अडलं याची नोंदवही (लॉग फाइल) लिहून देतं.

व्हीएलसीनंही सीडीतली गाणी काढता येतात असं कोणीतरी सांगतंच. येतात. पण एकेक गाणं हातानं, आणि चुकीची तपासणी शून्य. व्हीएलसी ऐकायला ठेवा.

फ्रीॲक हे नवशिक्याला मी पहिलं सुचवतो. नाव शोधताना इंग्रजीत एफ-आर-ई, मग आपल्या विसर्गासारखे दोन टिंब, मग ए-सी असं लिहा. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं. उघडा, सीडी घाला, गाण्यांची यादी येते. वरून फाइलचा प्रकार निवडा, सुरू करा. एवढंच. फक्त पहिल्यांदा सेटिंगमध्ये 'रिपर' भागात जाऊन सीडीपॅरानोइया मोड चालू करा. या मोडमध्ये एकच भाग पुन्हा पुन्हा, एकावर एक चढवून वाचला जातो आणि जुळतो का ते पाहिलं जातं. वेळ वाढतो, पण चरे पडलेल्या सीडीला तोच उतारा.

लिनक्सवाल्यांना सीडीपॅरानोइया परकं नाही, ते मूळचं तिकडचंच. साधेपणा हवा तर असंडर, नोंदवहीसकट काटेकोर काम हवं तर व्हिपर. ते तुम्ही शोधून घ्याल, लिनक्स लावलंय म्हणजे तेवढी खोड तुम्हाला आहेच.

आणि आता ज्याच्यावर माझा जीव आहे ते: एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, थोडक्यात ईएसी. आंद्रे वीटहॉफ या जर्मन माणसानं लिहिलेलं, विंडोजसाठी, घरगुती वापराला फुकट. दिसायला जुनाट, तहसीलमधल्या रजिस्टरसारखं रांगांनी भरलेलं. पण याच्या सिक्युअर मोडमध्ये प्रत्येक खण निदान दोनदा वाचला जातो. दोन्ही वेळा सारखं आलं तर पुढं. नाही आलं तर १६ वेळा वाचून त्यातली आठ वाचनं सारखी येतात का पाहतं, नाहीच आली तर पुन्हा १६, असं करत एकाच वाईट खणावर ८२ वेळा जातं. तरीही जुळलं नाही तर गुपचूप पुढं सरकत नाही. लिहून देतं, अमुक मिनिट अमुक सेकंदाला शंका आहे.

पैसे देऊन घ्यायचं डीबीपॉवरॲम्प आहे, चांगलं आहे, वेगवान आहे. पाच-पन्नास सीड्यांसाठी गरज नाही.

मग घ्यायचं कोणतं? सीड्या धडधाकट असतील आणि पुन्हा कुठं ना कुठं मिळण्यासारख्या असतील तर फ्रीॲक. सीडी एकुलती एक असेल, गावच्या भजनी मंडळाची, आजोबांच्या कीर्तनाची, बंद पडलेल्या कॅसेट कंपनीची, तर ईएसी. मी मामांच्या पोत्यासाठी दोन्ही वापरली.

सॉफ्टवेअर कोणतंही असो, मूळ बनवणाऱ्याच्या साइटवरूनच उतरवा. शोधल्यावर वर येणाऱ्या भलत्याच साइटवर हिरवं मोठं 'डाउनलोड' बटण असतं, ते दाबलं की गाण्याऐवजी जाहिराती उतरतात. आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूचं 'क्रॅक' कोणी देत असेल तर त्याला नमस्कार करा.

ईएसी पहिल्यांदा चालवताना

बसवून झाल्यावर ते एकेक प्रश्न विचारतं. घाबरू नका. ड्राइव्हमध्ये एखादी प्रसिद्ध, अजिबात चरा नसलेली छापील सीडी ठेवा, कारण त्या सीडीवर ते तुमच्या ड्राइव्हची परीक्षा घेतं. वेग हवा की अचूकपणा, असं विचारेल तेव्हा अचूकपणा निवडा. फाइलचा प्रकार विचारला की फ्लॅक. बाकी जे आपोआप भरलंय ते तसंच ठेवा. 'ऑफसेट' नावाचा एक आकडा दिसेल, त्यावर लोक रात्र रात्र वाद घालतात. सेकंदाच्या शेकडाव्या भागाचा मामला आहे, मामांच्या वरातीला फरक पडत नाही.

मग कामाची सीडी घाला. गाण्यांच्या यादीत सगळी निवडा, 'ॲक्शन' मेनूत जा आणि 'टेस्ट अँड कॉपी' घ्या, त्यात 'कम्प्रेस्ड'. नुसतं 'कॉपी' घेऊ नका. टेस्ट अँड कॉपीत गाणं एकदा परीक्षेसाठी वाचलं जातं, दुसऱ्यांदा कॉपीसाठी. दोन्ही वाचनांची बेरीज, म्हणजे सीआरसी नावाचा आठ अक्षरी आकडा, शेवटी शेजारी शेजारी छापून येतो. जुळला की पक्कं.

आपल्याकडच्या सीड्यांना हे दुप्पट वाचन विशेष गरजेचं आहे. ईएसी, एक्सएलडी, डीबीपॉवरॲम्प ही मंडळी ॲक्युरेटरिप नावाच्या सामाईक नोंदीशी ताडून पाहतात: जगात आणखी कोणी हीच सीडी उतरवली असेल तर त्याची बेरीज आणि तुमची बेरीज एक आहे का. मुंबईच्या मोठ्या कंपनीची हिंदी सिनेमाची सीडी तिथं सापडते. पण अंबाजोगाईच्या मंडळानं पाचशे प्रती काढलेली अभंगांची सीडी कोण नोंदवणार? 'डेटाबेसमध्ये नाही' असं लाल-पिवळ्यात दिसेल. त्याचा अर्थ कॉपी वाईट असा नाही, साक्षीदार नाही एवढाच. म्हणून आपलाच साक्षीदार आपण उभा करायचा, दोनदा वाचून.

संबळाची एक सीडी होती, तुळजापूरहून आणलेली. पहिली आठ गाणी दोन-दोन मिनिटांत उतरली. नवव्याला ड्राइव्हचा सूर बदलला, आधी घुंऽऽ असा चढता, मग घर्र करत खाली. वेगाचा आकडा आठवरून शून्य पॉइंट तीनवर. पडद्यावर लाल चौकटी उमटायला लागल्या. चहा झाला, मामी भाजी निवडून उठल्या, तरी ते एकच गाणं. बावीस मिनिटांनी नोंदवहीत आलं: दोन ठिकाणी संशय, तीन मिनिट बारा सेकंद आणि तीन मिनिट चौदा सेकंद, दर्जा ९७ टक्के, दोन्ही बेरजा वेगळ्या. मी सीडी काढली, ओल्या फडक्यानं मधून कडेला पुसली, पूर्ण वाळू दिली आणि फक्त तेवढं एक गाणं पुन्हा लावलं. या खेपेला बारा सेकंदवाली तक्रार गेली, चौदावाली राहिली. मग मामांच्या जुन्या कॉम्प्युटरमधला ड्राइव्ह वापरून पाहिला आणि त्यानं स्वच्छ वाचलं. हे पुष्कळदा होतं. एका ड्राइव्हला न जमलेलं दुसऱ्याला जमतं. मित्राकडून ड्राइव्ह उसना आणा, पण सीडी घासायच्या भानगडीत पडू नका.

नोंदवहीत 'नो एरर्स ऑकर्ड' हे शब्द शोधा. त्याच्या जागी 'सस्पिशियस पोझिशन' दिसलं तर दिलेल्या मिनिटाला जाऊन कान देऊन ऐका. ती नोंदवहीची फाइल गाण्यांच्याच फोल्डरमध्ये राहू द्या.

फ्लॅक की एमपी३?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामाला. फ्लॅकमध्ये आवाज घडी घालून ठेवल्यासारखा राहतो, उलगडला की जसाच्या तसा. जागा मूळच्या साधारण निम्मी ते साठ टक्के लागते. २००१ पासून आहे, कोणा कंपनीच्या मालकीचा नाही. एमपी३ आवाजातला काही भाग कायमचा टाकून देतो. तासाभराची सीडी मूळ ६३५ एमबीच्या आसपास, फ्लॅकमध्ये साडेतीनशे, आणि ३२० केबीपीएसच्या, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाच्या एमपी३त १४४. दोनशे सीड्या फ्लॅकमध्ये ठेवल्या तरी ७०-८० जीबी. आजच्या हार्ड डिस्कला हे काहीच नाही.

तर सीडीवरून उतरवताना फ्लॅक, हे आपलं धान्याचं पेव. पेन ड्राइव्हला, मोबाईलला, गाडीला लागेल तेव्हा त्या पेवातून एमपी३ काढायचे. हे रूपांतर फ्रीॲक फोल्डरच्या फोल्डर करून देतं. उलटं मात्र कधी करू नका.

कीर्तनाच्या सीडीसाठी एक जादा कारण. तासाभराचं सलग कीर्तन कंपनीनं सात-आठ ट्रॅकमध्ये तोडलेलं असतं, पण आवाज अखंड चालू असतो. फ्लॅकमध्ये तो अखंड राहतो. एमपी३त प्रत्येक तुकड्याच्या तोंडाशी किंचित शांतता येते आणि साध्या पॅनलवर नेमका गजर टिपेला पोचला की ठेचकाळतो.

नावं: इथं खरा वेळ जातो

सीडीवर गाण्यांची नावं सहसा लिहिलेली नसतात. सॉफ्टवेअर गाण्यांच्या लांबीवरून सीडी ओळखतं आणि इंटरनेटवरच्या म्युझिकब्रेन्झसारख्या यादीतून नावं आणतं. आपल्या बहुतेक सीड्या त्या यादीत नसतात. असल्या तर एकाच सीडीत 'गणपती' तीन स्पेलिंगांनी. आणि कधी कधी योगायोगानं लांब्या जुळतात: एका गोंधळाच्या सीडीला कॉम्प्युटरनं कुठल्यातरी परदेशी अल्बमचं नाव चिकटवलं होतं. आलेलं नाव डोळे झाकून मान्य करू नका. डबीवरचा कागद समोर ठेवून हातानं भरा. कागद मोबाईलनं फोटो काढून त्याच फोल्डरमध्ये टाका, वादकांची नावं तिथंच असतात.

माझी पद्धत सांगतो. फाइलचं नाव रोमन अक्षरांत, सुरुवातीला दोन आकडी क्रमांक. आतली नोंद, ज्याला टॅग म्हणतात, ती देवनागरीत. कारण मंडपाच्या पॅनलचा चिमुकला पडदा देवनागरी दाखवत नाही, चौकोन दाखवतो. मोबाईलवर मात्र देवनागरीच वाचायला बरी. टॅग भरायला एमपी३टॅग हे फुकट सॉफ्टवेअर उत्तम, फ्लॅकलाही चालतं. देवनागरी लिहिल्यावर जुन्या यंत्रावर कचरा दिसला तर एमपी३टॅगच्या सेटिंगमध्ये आयडी३ (टॅग लिहायची पद्धत) आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ आहे ना ते बघा.

टॅगमध्ये 'कंपोझर' असा एक रकाना असतो, लोक तो रिकामा सोडतात. भजनांच्या सीडीला तोच सोन्याचा. गायक 'आर्टिस्ट'मध्ये, आणि अभंग ज्यांचा ते संत 'कंपोझर'मध्ये. जनाबाई आमच्या गंगाखेडच्या; मामांच्या सीड्यांत त्यांचे अभंग नऊ वेगवेगळ्या गायकांनी गायलेले निघाले. आता 'संत जनाबाई' शोधलं की नऊही ठिकाणचे एकत्र येतात. एकच काळजी, नाव दर वेळी सारखंच लिहा. एकदा 'जनाबाई', एकदा 'संत जनाबाई' असं केलं की त्या दोन बाया होतात.

पेन ड्राइव्ह भरताना

३२ जीबीपर्यंतचाच घ्या आणि फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. त्याहून मोठा पेन ड्राइव्ह विंडोज बहुधा एक्सफॅटमध्ये करून देतं, आणि जुनी पॅनलं तो ओळखतच नाहीत. गाणी मागं-पुढं वाजत असतील तर त्याचंही कारण आहे: पुष्कळ स्वस्त पॅनल नावाच्या क्रमानं वाजवत नाहीत, ज्या क्रमानं फाइली टाकल्या त्या क्रमानं वाजवतात. म्हणून पेन ड्राइव्ह रिकामा करून फोल्डर एकेक करून, हव्या त्या क्रमानं टाका. मामांचे फोल्डर असे आहेत: ०१ सनई, ०२ मंगलाष्टका, ०३ जेवणाची पंगत, ०४ वरात, ०५ आरत्या. पोराला क्रमांक पाठ आहेत.

कायद्याचं विचारणारे असतातच. आपण विकत घेतलेल्या सीडीची स्वतः ऐकायला केलेली प्रत हा १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, खासगी वापर म्हणून धरला जातो. लग्नाच्या विधीत आणि वरातीत गाणी वाजवण्यालाही त्याच कलमात सूट आहे. 'मेमरी कार्डात गाणी भरून मिळतील' अशी पाटी लावून त्याच फाइली विकणं यात बसत नाही.

फ्लॅकचा सगळा साठा दोन ठिकाणी ठेवा. मामांचा एक संच गंगाखेडला, एक माझ्याकडं परभणीला.

आणि मूळ सीड्या लगेच टाकू नका. शेवटची नोंदवही वाचून होईपर्यंत तर नाहीच. पौषात ज्वारी हुरड्यात आली तेव्हा मामांनी 'काम झालेल्या' चाळीसेक सीड्या दोऱ्याला बांधून पाखरं हाकायला शेतात लटकवल्या. त्याच रात्री मी नोंदवह्या चाळत होतो आणि मंगलाष्टकांच्या सीडीच्या पाचव्या ट्रॅकपुढं 'सस्पिशियस पोझिशन' दिसलं. सकाळच्या बसनं गेलो. मामा बांधावर उभे, मी कणसांतून एकेक तबकडी उलटी करून छापील बाजू वाचत चाललेलो. सव्विसावी निघाली. दोरा भोकातूनच ओवला होता, नशीब. धुतली, वाळवली, जुन्या ड्राइव्हला लावली. 'नो एरर्स ऑकर्ड'.

"झालं का आता?" मामांनी विचारलं, "मग दे इकडं, तिथल्या ताटावर चिमण्या बसायल्यात."